पडद्यावरचा भटारखाना

पाहुणचार ही आपल्याकडे घरातच शिकण्याची गोष्ट. तिचे महाविद्यालय निघेल असे कुणी आपल्या आजोबांना सांगितले असते, तर त्यांनी ते हसण्यावारी नेले असते. पण मुंबईत १९५४ साली लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने अशी संस्था निघाली, आणि आज पुणे-पिंपरी भागातही हॉटेल व्यवस्थापन शिकवणारी महाविद्यालये आहेत. मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी झाली तेव्हा या शिक्षणापुढे मोठा पेच पडला. गणित पडद्यावरून शिकवता येते. पोळी कशी शिकवणार?

त्या पेचात ज्या साधनांचा वापर वाढला, त्यांत पडद्यावरची सहल हे एक होय. चोहीकडचे दृश्य एकदम टिपणाऱ्या कॅमेऱ्याने हॉटेलचे चित्रण करतात. विद्यार्थी घरी बसून, फोनवर बोट फिरवीत, हव्या त्या दिशेला पाहतो. हे निव्वळ खेळणे आहे असे आम्हांस वाटत नाही. चाळीस मुले चालू भटारखान्यात नेली की पुढच्या पाचांना काही दिसते, मागच्यांना पुढच्यांच्या पाठी दिसतात, आणि आचारी सर्वांवरच वैतागतो. पडद्यावर मात्र माल उतरवून घेण्याच्या दारापासून कोठी, शीतगृह, चिरण्याचा ओटा, शेगडी आणि वाढण्याची खिडकी असा अन्नाचा मार्ग प्रत्येकाला सावकाश, पुन्हा पुन्हा पाहता येतो. कच्चे मांस आणि तयार अन्न यांच्या वाटा एकमेकींना का छेदू नयेत, मांसाला लाल फळी आणि कोशिंबिरीला हिरवी का, हे तेथे चांगले उमगते. पलंगावर एक, धुलाईत एक, कपाटात एक असे चादरींचे निदान तीन संच का लागतात, हेही धुलाईघर पाहिल्यावर निराळे सांगावे लागत नाही.

तथापि डोळ्यांना कळले ते हाताला कळतेच असे नाही. शिजवलेले अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान फार वेळ राहिले की त्यात जंतू झपाट्याने वाढतात, हा नियम पडद्यावरून पाठ होतो. पण तीनशे ताटे वाढायची घाई असताना पातेल्यातली आमटी मधोमध किती तापली आहे हे तापमापी बुडवून पाहण्याची सवय पाठांतराने लागत नाही. ती न लागली तर आजारी पडतो तो जेवणारा. फोडणी करपण्याआधीचा क्षण तर नाकालाच कळतो, आणि नाकासाठी पडदा अद्याप निघालेला नाही!

खऱ्या भेटीला बसभाडे लागते, परवानगी लागते. पडद्यावरची सहल एकदा तयार झाली की दरवर्षी तीच दाखवता येते. त्यामुळे एकीच्या जागी दुसरी भागवून नेण्याचा मोह संस्थांना होणार, आणि कारखान्याच्या पगारातून फी भरणाऱ्या दापोडीच्या घराला त्याची झळ पहिली लागणार. आमच्या मते पडद्यावरची सहल खऱ्या भेटीच्या आधी असावी, तिच्याऐवजी नव्हे. ती भेट पंचतारांकित हॉटेलातच हवी असेही नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने अडीचशेंहून अधिक कामगारांच्या कारखान्यांसाठी उपाहारगृहाची तरतूद केली, आणि पिंपरीपासून चाकणपर्यंत पाळीपाळीने शेकडो माणसे जेवू घालणारी स्वयंपाकघरे आपल्या शेजारीच उभी राहिली. तेथला पाहुणा थांबत नाही. त्याचा भोंगा होतो. असा धडा मोठ्या हॉटेलातही सहसा मिळायचा नाही.

प्रवेश घेताना पालकांनी संगणककक्ष जरूर पाहावा. मात्र आपला मुलगा किंवा मुलगी तीन वर्षांत शेगडीपुढे किती तास उभी राहणार, हेही विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे.