जुन्या मदरबोर्डवर नवे ग्राफिक्स कार्ड : स्लॉट जुळला तरी पडताळणी हवी

संपूर्ण संगणक न बदलता त्यात केवळ नवे ग्राफिक्स कार्ड बसवून काम भागवावे, असा विचार अनेक जण करतात. तो चुकीचा नाही. मात्र हे कार्ड मदरबोर्डवरील ज्या स्लॉटमध्ये बसते, त्याचे स्वरूप आजवर अनेकदा बदलले आहे आणि त्यातील फरक ठाऊक नसल्यास खर्च वाया जाऊ शकतो.

१९९०च्या दशकातील पीसीआय स्लॉटची क्षमता सेकंदाला १३३ मेगाबाइट होती आणि ती इतर कार्डांसोबत वाटून घ्यावी लागे. त्रिमितीय खेळांना ती अपुरी पडू लागल्याने इंटेलने केवळ ग्राफिक्ससाठी एजीपी हा स्वतंत्र स्लॉट आणला. १९९७ पासून तो मदरबोर्डवर दिसू लागला. त्याचा रंग बहुधा तपकिरी असे.

एजीपीमध्ये खरी अडचण विद्युतदाबाची होती. सुरुवातीची कार्डे ३.३ व्होल्टवर, तर नंतरची १.५ व्होल्टवर चालत. चुकीचे कार्ड बसू नये म्हणून स्लॉटमध्ये प्लास्टिकची आडपट्टी आणि कार्डावर तिला जुळणारी खाच ठेवलेली असे. दोन्ही खाचा असलेले कार्ड दोन्ही दाबांवर चालणे अपेक्षित होते. परंतु काही कार्डांवर दुसरी खाच असूनही ती प्रत्यक्षात ३.३ व्होल्टचीच होती. अशी कार्डे १.५ व्होल्टच्या मदरबोर्डवर बसवल्यास मदरबोर्डच निकामी होण्याचा धोका असे.

२००४ मध्ये पीसीआय एक्स्प्रेस बाजारात आले. एजीपी कार्ड त्यात बसत नाही आणि त्याचे कार्ड एजीपीमध्ये बसत नाही. पीसीआय एक्स्प्रेसच्या पुढील पिढ्या मात्र एकमेकींशी जुळवून घेतात. नवे कार्ड जुन्या स्लॉटमध्ये सहसा चालते, फक्त माहितीची देवाणघेवाण दोहोंपैकी जुन्या पिढीच्या वेगाने होते. सोळा मार्गिका वापरणाऱ्या कार्डाला एका पिढीचा फरक फारसा जाणवत नाही.

कमी मार्गिकांच्या कार्डांची गोष्ट वेगळी आहे. २०२२ मध्ये आलेले एएमडीचे रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड चौथ्या पिढीच्या केवळ चार मार्गिका वापरते. त्यांची क्षमता सेकंदाला सुमारे ८ गिगाबाइट आहे. तिसऱ्या पिढीच्या मदरबोर्डवर ती निम्मी होते आणि कार्डाची ४ गिगाबाइट स्मृती भरली की खेळ अडखळू लागतात. स्वस्त कार्ड घेणाऱ्याचा मदरबोर्ड बहुधा जुनाच असतो. त्यामुळे उत्पादकाने केलेल्या या काटकसरीची झळ नेमकी त्यालाच बसते.

विजेचेही पाहावे लागते. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट वीज मिळते. त्याहून अधिक हवी असल्यास ती एसएमपीएसच्या वेगळ्या तारेतून द्यावी लागते. सहा पिनांची जोडणी आणखी ७५ वॉट, तर आठ पिनांची १५० वॉट देते. जुन्या एसएमपीएसमध्ये ही तार असेलच असे नाही.

जुन्या बायॉसच्या मदरबोर्डवर काही नवी कार्डे नीट बसूनही पडदा काळाच राहतो. इंटेलच्या आर्क कार्डांची कार्यक्षमता मदरबोर्डवर ‘रिसायझेबल बार’ ही सुविधा नसल्यास बरीच घटते. म्हणून खरेदीपूर्वी मदरबोर्डवर छापलेला मॉडेल क्रमांक टिपून घ्यावा आणि स्लॉटची पिढी, बायॉसची आवृत्ती व कार्डाच्या मार्गिका यांची माहिती उत्पादकांच्या संकेतस्थळांवर तपासावी. जुने एजीपी कार्ड घेताना केवळ खाच पाहून थांबू नये, त्याचा विद्युतदाब माहितीपुस्तिकेतून पडताळून घ्यावा.