सूर्यास्तापासून मागे मोजलेली सहल

मांजरसुंबा हे गाव रस्त्यांच्या फुलीवर वसलेले आहे. धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्ग येथून जातो आणि अहिल्यानगर, जामखेड, पाटोद्याकडून केज-अंबाजोगाईकडे जाणारा रस्ता त्याला येथेच छेदतो. सुट्टीच्या दिवसांत इतरांच्या सहली येथल्या दुकानदाराच्या डोळ्यांसमोरून जात असतात. त्याची स्वतःची पाळी मात्र दिवाळी उलटल्यावरच येते. धनत्रयोदशीपासून पाडव्यापर्यंत गिऱ्हाईक आणि वहीपूजन, त्यातच भगवान महावीरांचे निर्वाण कल्याणक. भाऊबीज झाली की दुकानाला तीन दिवस कुलूप लावता येते; पण नेमका तोच आठवडा साऱ्या महाराष्ट्राच्या सुट्टीचा असतो. चातुर्मासात प्रवासाची मर्यादा पाळणाऱ्या घरांना कार्तिकी पौर्णिमेपर्यंत थांबावे लागते. त्यांच्या वाट्याला नाताळ ते ३१ डिसेंबर हा तितक्याच गर्दीचा आठवडा येतो.

मुलांच्या तोंडी या दिवसांत एकच नाव असते : इमॅजिका. बोरघाटाच्या पायथ्याशी, खोपोलीजवळ २०१३ साली हे उद्यान सुरू झाले. त्यांच्या आईवडिलांच्या बालपणी हेच स्थान गोराईच्या एस्सेल वर्ल्डला होते. ते १९८९ सालचे. अशा उद्यानांशी गर्दीचे नाते जन्मापासूनचे आहे. अमेरिकेतील डिस्नेलँड १७ जुलै १९५५ रोजी केवळ निमंत्रितांसाठी उघडले, तेव्हा बनावट तिकिटे घेऊन हजारो माणसे आत शिरली आणि पहिल्याच दिवशी साऱ्या व्यवस्थेची तारांबळ उडाली. म्हणून गर्दीवर चिडण्यापेक्षा ती गृहीत धरून बेत आखणे शहाणपणाचे.

बेत आखण्याच्या रात्री घरोघरी एक वाक्य हमखास ऐकू येते. आजी म्हणतात, "तुम्ही सगळे जाऊन या रे, मी घर सांभाळते." हे वाक्य ऐकून मुलगा आणि सून मनातून थोडे सुटकेचा श्वास टाकतात, आणि बेत तेथेच फसतो. आजींचा चौविहार आहे, त्या उकळलेलेच पाणी घेतात, गुडघे दुखतात, आणि आपल्यामुळे नातवंडांच्या आनंदात अडथळा नको असे त्यांना वाटते. त्यांना यायचे नसते असे नाही. त्यांना ओझे व्हायचे नसते. म्हणून त्यांचे नियम अडचण न मानता त्यांच्याच आधारे दिवसाची आखणी करून पाहावी.

त्या भागात नोव्हेंबरच्या मध्यास सूर्य सुमारे सहा वाजता मावळतो, डिसेंबरच्या अखेरीस सहा वाजून आठ-दहा मिनिटांनी. म्हणजे आजींचे जेवण साडेपाचपर्यंत आटोपले पाहिजे. सूर्योदय डिसेंबरअखेर सात वाजून दहा मिनिटांच्या सुमारास. त्यापुढे अठ्ठेचाळीस मिनिटांची नवकारसी धरली तर न्याहारी आठला. या दोन वेळा कागदावर पक्क्या लिहिल्या की मधला दिवस आपोआप आकार घेतो. न्याहारी पुण्यातच करून निघावे, दुपारचे जेवण साडेअकरा-बाराला घ्यावे, संध्याकाळचे पाचला. उपाहारगृहांतील खरी गर्दी एक ते तीन आणि नंतर सात वाजता होते. तेव्हा आपले कुटुंब जेवून मोकळे असते आणि त्या वेळी अनेक पाळण्यांपुढील रांगा थोड्या आखूड झालेल्या असतात. व्रतस्थ माणसाचे वेळापत्रक असे सगळ्यांच्याच उपयोगी पडते.

अशा उद्यानांत बाहेरचे खाद्यपदार्थ सहसा नेऊ देत नाहीत. म्हणून कांदा, लसूण, बटाटा नसलेले जेवण कोठे मिळेल, किती वाजेपर्यंत मिळेल आणि आजींसाठी उकळलेल्या पाण्याचा थर्मास आत नेता येईल का, हे निघण्यापूर्वीच फोन करून विचारावे. खाखरे, चिवडा आणि सुका मेवा गाडीत असू द्यावा.

आता रांगेचा हिशेब. गर्दीच्या दिवशी एका मोठ्या पाळण्यासाठी पाऊण तास ते एक तास उभे राहावे लागेल असे धरावे. खेळ स्वतः दोन-चार मिनिटांचा. आठ तासांतून जेवण, विसावा आणि चालणे यांचे दोन तास वजा केले तर सहा-सात मोठे खेळ पदरात पडतात. हा आकडा मुलांना घरीच सांगावा आणि प्रत्येकाकडून दोन नावे लिहून घ्यावीत. श्रावकाच्या बारा व्रतांत भोगोपभोग परिमाण हे एक आहे : उपभोगाची मर्यादा आधी ठरवून घेणे. सगळेच पाहण्याच्या हव्यासाने निघालेला मुलगा सहा खेळ खेळूनही रडत परततो; सहा ठरवून निघालेला सातवा मिळाला तर हरखतो.

दुसरे माप उंचीचे. नायट्रोसारख्या वेगवान पाळण्यांना किमान उंचीची अट असते. पाऊण तास रांगेत उभे राहून सहा वर्षांच्या मुलाला पट्टीपाशी परत फिरवले जाते, तेव्हा त्याला समजावणे कठीण होते. म्हणून उद्यानाच्या संकेतस्थळावरील अटी वाचून घरच्या दारापाशीच मोजमाप करावे. मोठी मुले काकांबरोबर नायट्रोला जातील. आजी आणि धाकटा नातू एकत्र बसण्याजोगे सौम्य खेळ निवडतील. जत्रेतला आकाशपाळणा पाहिलेल्या आजींना बसून पाहण्याजोगेही तेथे पुष्कळ असते.

जलउद्यानाविषयी घरात मोकळेपणाने बोलावे. पाण्यातील जीवांची विराधना मनाला लागणारी वडीलधारी माणसे आहेत, आणि बीड जिल्ह्यातील मुलांनी टँकरपुढच्या घागरींच्या रांगाही पाहिल्या आहेत. ज्या त्या कुटुंबाने आपला निर्णय घ्यावा. पण तो तिकीट काढण्यापूर्वी घ्यावा.

प्रवासाचे म्हणाल तर बीड-अहिल्यानगर रेल्वे सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झाली असली, तरी या सहलीसाठी रस्ताच सोयीचा. मांजरसुंब्याहून पुणे सुमारे अडीचशे किलोमीटर, तेथून खोपोली आणखी पाऊणशे-ऐंशी. एका दिवसात जाऊन येण्याचा अट्टाहास करू नये. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत पुणे गाठावे. बिबवेवाडीत किंवा चिंचवडला नात्यातले घर बहुतेकांना असते. पण त्यांच्याही सुट्टीचा आठवडा आहे, म्हणून आधी विचारून जावे. दुसरा दिवस उद्यानाचा. सुट्टीच्या प्रारंभी मुंबईकडची वाहने घाट चढत असतात आणि अखेरीस उतरत असतात. पुण्याहून सकाळी जाणारा आणि रात्री परतणारा प्रवासी बहुधा त्या लोंढ्याच्या उलट दिशेला असतो. तरीही शनिवार-रविवार टाळून मधला वार निवडावा. तिसऱ्या दिवशी परतताना अहिल्यानगरला आचार्य आनंदऋषीजी महाराजांच्या आनंदधामात दर्शन घ्यावे.

खर्चाचे पाच रकाने करावेत : तिकिटे, इंधन व पथकर, जेवण, सामान ठेवण्याची पेटी, आणि एकूण रकमेच्या दहा टक्के राखीव. तिकिटाचे दर दिवसागणिक बदलतात. म्हणून तारीख ठरताच ऑनलाइन आरक्षण करावे. दाखवलेल्या दरात जीएसटी धरला आहे की नाही आणि बेत रद्द झाल्यास रक्कम परत मिळते का, हे पैसे भरण्यापूर्वी वाचावे. रांग वगळणारा जलद प्रवेश महाग असतो. सहाच खेळ ठरवले असतील तर त्याची गरज आहे का, याचा विचार करावा.

शेवटी राहतो तो आजींचा प्रश्न. त्यांना "येता का?" असे विचारू नये, त्या नाहीच म्हणणार. साडेपाचचे जेवण, थर्मास आणि धाकट्या नातवाशेजारची जागा, असे सारे लिहिलेला कागद त्यांच्या हाती द्यावा आणि काही राहिले आहे का, एवढेच विचारावे. त्या चष्मा लावतील, कागद वाचतील आणि बहुधा म्हणतील, "खाखरे मीच करून घेते, दुकानातले नकोत."