निरोप, क्रमांक आणि पोच



तुळजापूरला कुंकू आणि कवड्यांच्या माळा विकणारा एक दुकानदार आहे असे समजा. सोलापूरहून आलेला भक्त दीडशे रुपयांची खरेदी करतो, फोनवरून पैसे देतो आणि ते जमा झाल्याची वर्दी दुकानदाराला तत्काळ मिळते. दोघांची खाती निरनिराळ्या बँकांत. बँकांच्या संगणक-प्रणालीही निराळ्या हातांनी रचलेल्या. मग या अनोळखी यंत्रांना एकमेकांचे बोलणे कळते तरी कसे?

प्रत्येक बँकेने दुसऱ्या प्रत्येक बँकेशी स्वतंत्र दुवा जोडायचा म्हटले, तर दहा बँकांना ४५ दुवे लागतील आणि शंभर बँकांना ४,९५०! त्याऐवजी मध्ये एकच ठाणे ठेवले आणि निरोपाचा साचा ठरवून दिला, की शंभर बँकांना शंभर दुवे पुरतात. २००८ साली मुंबईत स्थापन झालेल्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय सुरू केले, ते याच तत्त्वावर. बँकेने आपल्या घरात हवी ती भाषा बोलावी. उंबऱ्याबाहेर मात्र ठरल्या साच्यातच बोलावे.

परंतु निरोप वाटेत अडकला तर? यासाठी दोन गोष्टी केलेल्या असतात. पहिली पोच. 'रक्कम वजा करा' असा निरोप येताच बँक आधी 'निरोप मिळाला' एवढेच कळवते. काम झाल्याचे उत्तर मागाहून वेगळ्या निरोपाने येते. दुसरी गोष्ट क्रमांक. प्रत्येक व्यवहाराला स्वतःचा क्रमांक असतो. उत्तर आले नाही, तर त्यावरून विचारपूस करता येते. आणि तोच निरोप पुन्हा आला, तर हे काम आधीच झाले आहे हे ओळखता येते.

मोठ्या कचेरीत मालसाठा, बिले आणि पगार यांच्या प्रणाली जोडतानाही हीच युक्ती कामी येते. १९९८ साली निघालेले 'जावा मेसेज सर्व्हिस' हे मानक त्यासाठीच आहे. पाठवणारा निरोप रांगेत ठेवून आपल्या कामाला लागतो. घेणारे यंत्र त्या वेळी बंद असले, तरी जपून ठेवलेला निरोप त्याला नंतर मिळतो.

आता पुन्हा तुळजापूरला येऊ. नवरात्राची गर्दी आहे. भक्ताच्या खात्यातून रक्कम गेली आणि दुकानदाराला मिळाली नाही. दोघेही खरे बोलत आहेत, तरी भांडण जुंपते. अशा प्रसंगासाठी रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये नियम केला. त्यानुसार दुकानदाराला द्यायची रक्कम अशी अडकली, तर ती पाच दिवसांच्या आत ग्राहकाकडे आपोआप परतावी. पुढच्या प्रत्येक दिवसाच्या विलंबाला शंभर रुपये भरपाई द्यावी. अडकलेली रक्कम नेमकी शोधायची, तर व्यवहाराचा क्रमांकच हाताशी असावा लागतो.

म्हणून दुकानदाराने ग्राहकाच्या फोनवरचे चित्र न पाहता स्वतःचे खाते पाहावे, आणि ग्राहकाने घाईने दुसऱ्यांदा पैसे न पाठवता आधी क्रमांक टिपून घ्यावा. परक्या माणसांतला व्यवहार नुसत्या वेगावर चालत नाही. दिलेल्या निरोपाची पोच मिळते, या भरवशावर तो चालतो.