काचेवरचा विजेचा पापुद्रा

काचेतून उजेड जातो, वीज जात नाही. तांब्यातून वीज जाते, उजेड जात नाही. मावळात तळेगाव दाभाडे येथे 1908 मध्ये पैसा फंडाचा काच कारखाना लोकवर्गणीतून उभा राहिला, तेव्हा काचेकडून वीज वाहण्याची अपेक्षा नव्हती. मोबाइलच्या पडद्याला मात्र दोन्ही गुण लागतात. त्यासाठी काचेवर पारदर्शक वाहक पापुद्रा चढवतात.

प्रचलित पापुद्रा इंडियम-कथील ऑक्साइडचा असतो. तो वीज चांगली वाहतो, पण ठिसूळ असतो. वाकवला की त्याला तडे जातात. शिवाय इंडियम दुर्मीळ आहे. म्हणून द्विमितीय, म्हणजे मोजक्या अणूंच्या जाडीच्या, पदार्थांचा शोध महत्त्वाचा ठरला. 2004 मध्ये मँचेस्टर येथे आंद्रे गाइम आणि कोन्स्टान्टिन नोवोसेलोव यांनी चिकटपट्टीने ग्राफाइट सोलून एका अणूच्या जाडीचे ग्राफीन वेगळे केले. त्याचा एक थर जेमतेम 2.3 टक्के उजेड शोषतो.

मोठा पापुद्रा करण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. पहिल्या रीतीत तांब्याचा पातळ पत्रा सुमारे 1000 अंश सेल्सिअसला तापवून त्यावर मिथेन सोडतात. कार्बनचा थर तांब्यावर धरतो. त्याला प्लास्टिकचा आधार देऊन खालचे तांबे रसायनात विरघळवतात. पाण्यावर तरंगणारा तो थर काचेने खालून अलगद उचलतात आणि आधार धुऊन काढतात. 2010 मध्ये दक्षिण कोरियात 30 इंची पापुद्रा तांब्यावर वाढवून तयार झाला. चार थरांतून सुमारे 90 टक्के उजेड गेला आणि रोध चौरसामागे सुमारे 30 ओहम भरला.

दुसरी रीत स्वस्त आहे. ग्राफाइटची भुकटी योग्य द्रावकात श्राव्यातीत लहरींनी हलवली की सूक्ष्म चकत्या सुटतात. जाड कण सेंट्रिफ्यूजमध्ये तळाशी बसवून वरची शाई काचेवर फवारतात. चकत्या कौलांसारख्या एकमेकींवर चढून बसतात. कौलारू छप्पर सांध्यात गळते, तशी इथे वीज सांध्यात अडते. म्हणून चकत्या मोठ्या, पातळ आणि सपाट बसणे महत्त्वाचे.

2011 मध्ये अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठात मॅक्सीन या आणखी काही द्विमितीय पदार्थांचा शोध लागला. त्यांतील टायटॅनियम कार्बाइडची शाई साध्या पाण्यात होते आणि पापुद्रा वीज उत्तम वाहतो. पण दमट हवेत त्याचे हळूहळू ऑक्सिडीकरण होते. लोणावळ्यासारख्या धुवाधार पावसाच्या गावात तो हवाबंद आवरणाशिवाय टिकणार नाही.

म्हणून असा पापुद्रा पारखताना उजेड किती जातो आणि रोध किती, एवढेच पाहून भागत नाही. पावसाळा काढल्यावर तो रोध किती वाढला, हेही मोजावे लागते.