बरे वाटले, तरी गोळी चुकवू नका

सतत थकवा, घटणारे वजन, पोटात डाव्या बाजूला जडपणा आणि रक्ततपासणीत भरमसाट वाढलेल्या पांढऱ्या पेशी. ‘क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया’ म्हणजेच सीएमएल हा रक्ताचा कर्करोग अनेकदा असा उघडकीस येतो. तीस वर्षांपूर्वी बहुतेक रुग्णांच्या हाती मोजकीच वर्षे असत. आज त्यांच्यातील बहुसंख्य जण रोज गोळी घेऊन नोकरी आणि संसार सांभाळतात.

या आजाराचे मूळ एका गुणसूत्रात आहे. १९६० मध्ये फिलाडेल्फियातील पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना रुग्णांच्या पेशींत एक गुणसूत्र आखूड दिसले. गुणसूत्र क्रमांक ९ आणि २२ यांच्या तुकड्यांची अदलाबदल झाल्याने असे होते, हे १९७३ मध्ये शिकागोच्या जॅनेट रॉली यांनी दाखवले. या अदलाबदलीत दोन जनुके जोडली जातात आणि ‘बीसीआर-एबीएल’ हे नवेच प्रथिन तयार होते.

हे प्रथिन टायरोसिन कायनेज प्रकारचे आहे. पेशीतील ऊर्जेचे चलन असलेल्या एटीपीमधून फॉस्फेट घेऊन ते दुसऱ्या प्रथिनांवर चिकटवायचे, हे त्याचे काम. त्यातून पेशीला ‘वाढ’ असा निरोप जातो. निरोगी पेशीत हे बटण गरजेपुरते चालू होते. सीएमएलमध्ये ते चालूच राहते.

इमॅटिनिब हे औषध एटीपी बसण्याच्या खाचेतच जाऊन बसते. फॉस्फेट मिळत नाही, निरोप थांबतो आणि कर्करोगाच्या पेशी मरू लागतात. अमेरिकेतील ब्रायन ड्रकर यांनी १९९८ मध्ये रुग्णांवर चाचण्या सुरू केल्या. पुरेसा डोस मिळालेल्या ५४ पैकी ५३ रुग्णांचे रक्त पूर्ववत झाले. मे २००१ मध्ये औषधाला तिथे मान्यता मिळाली. भारतात सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी या औषधाच्या सुधारित रूपाचे पेटंट नाकारले आणि स्वस्त जेनेरिक गोळ्यांचा मार्ग मोकळा राहिला.

मात्र खरी गफलत बरे वाटू लागल्यावर होते. गोळीमुळे बटण बंद राहते, पण अस्थिमज्जेत दडलेल्या काही मूळ पेशी तग धरून असतात. डोस वारंवार चुकले, की त्या पुन्हा डोके वर काढतात. कधी प्रथिनाचा आकार बदलतो आणि औषध खाचेत बसेनासे होते. अशा वेळी डासाटिनिब, निलोटिनिब यांसारखी पुढची औषधे वापरावी लागतात. म्हणूनच साधारण दर तीन महिन्यांनी बीसीआर-एबीएलची पीसीआर तपासणी करतात.

इमॅटिनिब जेवणासोबत, भरपूर पाण्याबरोबर घ्यावे. डोळ्यांभोवती सूज, पायांत गोळे, मळमळ असे त्रास झाले तर डॉक्टरांना सांगावे. परस्पर गोळी सोडू नये. अनेक वर्षे तपासण्या उत्तम राहिल्यास काहींची गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवता येते. त्यांतही सुमारे निम्म्यांना ती पुन्हा सुरू करावी लागते.