सेक्टर 43चं हॉटेल, पुण्यातलं टेबल

चंडीगडच्या सेक्टर 43मधल्या बस स्थानकातून हिमाचलच्या गाड्या सुटतात. एप्रिल-मेमध्ये शाळांना सुट्ट्या लागल्या की मुंबई-पुण्याचे ग्रुप शिमला-मनालीला निघतात आणि जाता-येता एक मुक्काम चंडीगडला टाकतात. त्या भागातल्या एका मध्यम हॉटेलचं ग्रुप बुकिंग पुण्यातल्या एका टेबलावरून सांभाळलं जात होतं. ते काम बघायला मी त्या टेबलाशेजारी बसलो.

हॉटेलच्या सेल्समधली माणसं ऐन हंगामाआधी सोडून गेली होती. शेजारच्याच सेक्टर 42मध्ये हॉटेल मॅनेजमेंटच्या दोन संस्था आहेत, तरी माणूस मिळेना. शिकलेली मुलं मोठ्या हॉटेलांकडे, क्रूझकडे, परदेशाकडे बघतात. बेताच्या पगारात दिवसभर कोटेशनं पाठवायला ती थांबत नाहीत, आणि त्यात त्यांचं चूक काहीच नाही. म्हणून हॉटेलने हे काम बाहेर, पुण्याला दिलं.

टूर कंपनी एका वेळी चार हॉटेलांना विचारते, त्यामुळे दर त्याच दिवशी गेला पाहिजे. कर बदलला तर कोटेशनचा साचाही लगेच बदलावा लागतो. 22 सप्टेंबर 2025 पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला. जुना आकडा राहिला की ग्राहक दुसरीकडे गेलाच. होकार आला की खोल्या ब्लॉक करायच्या आणि ॲडव्हान्सची मुदत लिहून द्यायची.

खरा कस लागतो तो रूमिंग लिस्टला, म्हणजे कोणत्या खोलीत कोण या यादीला. टेबलावरची मुलगी ठाण्याच्या टूर मॅनेजरशी फोनवर एकेक ओळ तपासत होती. “काकू आणि त्यांची नणंद, दोघींना वेगळे बेड हवेत ना? आजोबांना खालचा मजला? जैन जेवण किती?” कालक्याहून पहाटेची शिमल्याची गाडी धरायची होती, म्हणून नाश्ता बांधून हवा होता, तो निरोप किचनला रात्रीच पोचायला हवा. पुढे दोन कुटुंबं गळली, एक वाढलं, आणि यादी पुन्हा पहिल्यापासून. हे तिने मराठीत इतकं नीट केलं की चंडीगडच्या रिसेप्शनवरून ते तसं झालं नसतं. काम बाहेर देण्याचा हा फायदा मला मनापासून पटला.

गाडं अडलं ते दुसरीकडे. रिसेप्शन दारात आलेल्या पाहुण्यांनाही खोल्या देत होतं आणि पुण्याकडचा खोल्यांचा तक्ता फक्त संध्याकाळी ताजा व्हायचा. एका दुपारी पुण्याने बारा खोल्यांना होकार कळवला, तेव्हा हॉटेलात नऊच उरल्या होत्या. तीन कुटुंबांची सोय दुसऱ्या हॉटेलात करावी लागली. सामान, म्हातारी माणसं, झोपाळलेली पोरं घेऊन रात्री रस्ता ओलांडणाऱ्यांना तक्त्याशी काय देणंघेणं?

माणसं नसताना चौकशी, कोटेशन, पाठपुरावा, याद्या हे सगळं हॉटेलमालकांनी खुशाल बाहेर द्यावं. पण बाहेरच्या टेबलाला खोल्यांचा चालू हिशेब त्याच क्षणी दिसू द्या, आणि शेवटचा होकार देणारा एक माणूस हॉटेलातच ठेवा. ग्रुप घेऊन निघणाऱ्यांनीही ॲडव्हान्स भरण्याआधी त्या माणसाचं नाव आणि नंबर मागून घ्यावा.