मेल अडला कुठं?

भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडीत ई-मेल टेलिफोनच्या तारेवरून आला आणि पहिली काही वर्षं तो अडायचाही त्याच तारेवर. पुढे तार सुधारली, तर तो टेबलाखालच्या सीपीयूत अडायला लागला. हल्ली सीपीयूही ठणठणीत असतो, आणि मेल अडतो तो गावातल्या कुणाचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी. "मेलच येऊन नाही राहिले जी, कालपासून," हे तक्रारीचं वाक्य पंचवीसेक वर्षं तेच आहे. बिघाडाचा पत्ता मात्र दर पाच-सात वर्षांनी बदलत आला.

देशात सर्वसामान्य माणसाला इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमकडून, आणि तेही आधी महानगरांत. जिल्हाधिकारी कार्यालयांत केंद्र सरकारच्या एनआयसीचं उपग्रहावरचं जाळं त्याआधीच पोचलं होतं, पण ते सरकारी कामापुरतं. मोहाडीसारख्या तालुक्याच्या गावात खासगी टेबलावर मेल दिसू लागला तो बीएसएनएलच्या संचारनेट या डायल-अप सेवेच्या काळात, १७२२३३ हा नंबर स्थानिक कॉलच्या दरात फिरवता यायला लागल्यावर. कुणाकडे? धानाच्या मिलवाल्यांकडे, वरठीच्या पोलाद कारखान्याशी कामं असणाऱ्या ठेकेदारांकडे, मोहाडी-आंधळगावच्या कोशाच्या रेशमाच्या व्यापाऱ्यांपैकी ज्यांचा माल बाहेरगावी जाई त्यांच्याकडे. विणकराकडे नव्हता. करवतकाठी साडीची ऑर्डर मागावर बसलेल्या माणसापर्यंत तोंडीच यायची, आणि ती कधी अडल्याचं ऐकलं नाही.

प्रोग्राम बहुतेकांचा एकच, आउटलुक एक्सप्रेस. तो विंडोज ९८ बरोबर आपोआप येई आणि त्या काळाला अगदी सोयीचा होता, कारण मिनिटाला पैसे पडत. जोडा, मेल उतरवा, तोडा आणि मग निवांत वाचा, अशी रीत. मोडेमच्या किंचाळण्यावर पुष्कळांनी हळवं होऊन लिहिलंय; मी लिहीत नाही. त्या वेळी त्या आवाजाचं कौतुक कुणाला नव्हतं. घरात कुणी दुसरा रिसीव्हर उचलला की जोडणी गेलीच, आणि मेल येईस्तोवर फोन बंद म्हणून घरातल्यांची कुरकुर वेगळी.

त्या काळातला सगळ्यात चिवट बिघाड मात्र तारेचा आणि नियमाचा मिळून होता. मेल उतरवायची सर्वत्र चालणारी पद्धत म्हणजे पॉप-३. १९८८ मध्ये आलेली, १९९६ मध्ये आजच्या रूपात मानक झालेली. आपला संगणक सर्व्हरला नाव सांगतो, पासवर्ड सांगतो, यादी मागतो, एकेक मेल उतरवून घेतो आणि त्यावर खोडण्याची खूण करतो. पण सर्व्हर ते मेल खरोखर खोडतो, ते शेवटी 'क्विट' म्हणून रीतसर निरोप घेतला तरच. मध्येच लाइन तुटली तर खुणा रद्द, सगळे मेल जसेच्या तसे जागेवर.

समजा, रांगेत सातव्या नंबरावर कुणीतरी दोन एमबीचा फोटो पाठवून ठेवलाय. मेलमधून जाताना फाइल एक-तृतीयांशाने फुगते. चाळीस किलोबिटचा वेग धरला तर तिला नऊएक मिनिटं लागणार, आणि मोहाडीत चाळीस किलोबिट मिळत असे हे धरणंही उदारपणाचंच. पाचव्या मिनिटाला लाइन तुटते. पुन्हा जोडलं की पहिले सहा मेल नव्याने उतरतात, सातव्यावर गाडी पुन्हा अडते, लाइन पुन्हा तुटते. आठव्यापासून पुढचा एकही मेल कधीच येत नाही. वापरणाऱ्याला दिसतं ते असं, की जुनेच मेल परत परत येऊन राहिले आणि नवीन काही येऊन नाही राहिलं. मिलवाल्याला वाटे कुणीतरी मुद्दाम करतंय.

पहिला उपाय सेटिंगमधला: सर्व्हरची वाट पाहण्याची मुदत एका मिनिटाची असे, ती पट्टी ओढून पाच मिनिटांवर न्यायची. त्याने भागलं नाही तर टेलनेट. काळ्या खिडकीत सर्व्हरचं नाव आणि ११० हा पोर्ट टाकायचा. सर्व्हर '+ओके' म्हणाला की यूजर, मग पास, आणि इथे पासवर्ड पडद्यावर उघडा दिसतो म्हणून मालकाने आधी मागे कोण उभं आहे ते बघून घ्यायचं. मग 'लिस्ट'. पडद्यावर दोन रकाने उतरतात, डावीकडे मेलचा क्रमांक, उजवीकडे त्याचा आकार. दोन-तीन हजारांच्या आकड्यांत मध्येच एक सत्तावीस लाखांचा आकडा उठून दिसतो. त्याच्या नावाने 'डेले ७' टाइप करायचं, '+ओके' येऊ द्यायचं आणि न विसरता 'क्विट'. खिडकी नुसतीच बंद केली तर सगळी मेहनत वाया, कारण नियम तोच. मग आउटलुक उघडलं की अडलेले मेल धडाधड उतरत. फोटो पाठवणाऱ्याला फोन जाई: फोटो धुऊन एसटीने पाठवा.

ही दुरुस्ती मला आजही सगळ्यात सुंदर वाटते. दोन्ही बाजूंचं संभाषण उघड्यावर होतं, साध्या शब्दांत होतं आणि त्यात माणसाला मध्येच तोंड घालता येत होतं. विंडोज व्हिस्टापासून टेलनेट मुळातच बंद ठेवलेलं येऊ लागलं. सुरक्षिततेच्या दृष्टीने ते योग्यच, पण ती खिडकी गेली.

बाकीच्या बिघाडांसाठी आउटलुक एक्सप्रेस लांबलचक क्रमांक दाखवी. सरावलेला दुरुस्तीवाला त्यांची फक्त शेपूट वाचायचा. शेवटी ०डी असेल तर सर्व्हरचं नावच सापडत नाही, ०ई असेल तर नाव सापडलं पण जोडणी झाली नाही, १९ म्हणजे वाट पाहून कंटाळलं, ९२ म्हणजे पासवर्ड नाकारला. गिऱ्हाइकाला फोनवरून तेवढीच दोन अक्षरं विचारली की भंडाऱ्याहून निघायचं की नाही ते ठरे. २००३ च्या ऑगस्टमध्ये सोबिग आणि २००४ च्या जानेवारीत मायडूम हे मेलमधून पसरणारे व्हायरस आले, तेव्हा या क्रमांकांचाही उपयोग नव्हता. सोबिगचा एक मेल शंभर केबीच्या घरात. पाच एमबीची पेटी असली तर पन्नासात भरून जाई आणि खरा मेल दारातूनच परत.

जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलचं ब्रॉडबँड सुरू झालं. तालुक्याला ते यथावकाश पोचलं आणि तारेचा प्रश्न बराचसा मिटला. पण त्याच सुमारास विदर्भात भारनियमनानेही जोर धरला होता. लाइट गेला की संगणक धाडकन बंद, यूपीएसची बॅटरी असली तर असली. आउटलुक एक्सप्रेस एकेका फोल्डरचे सगळे मेल एकाच फाइलीत ठेवी, आणि ती फाइल २ जीबीच्या पुढे जाऊ शकत नसे. तारेच्या काळात ही मर्यादा कुणाच्या लक्षातही येण्यासारखी नव्हती. ब्रॉडबँडवर स्कॅन केलेली बिलं, टेंडरचे कागद येऊ लागले आणि इनबॉक्समधून काहीही न काढण्याची आपली सवय, त्यामुळे फाइल फुगून एके दिवशी मेल येणं बंद. प्रोग्राम शंभरदा बंद केला की 'जागा मोकळी करू का?' असं विचारे. लोक 'हो' म्हणत, आणि ते आवरणं चालू असताना लाइट गेला तर फाइलच खराब होई. इलाज सोपा होता: ती फाइल उचलून दुसरीकडे ठेवायची, प्रोग्राम नवी कोरी बनवून घेतो आणि मेल सुरू होतात. जुन्या फाइलीतून काय वाचवता येतं ते नंतर बघायचं.

पण ती फाइल असायची कुठं? डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्जच्या पोटात, लपवलेल्या फोल्डरात, आकडे-अक्षरांच्या अगम्य नावाखाली. म्हणून मेलच्या बाबतीत त्या दशकातला मोठा घातक शब्द कुठल्याही व्हायरसचा नव्हता. 'फॉर्मॅट मारून टाकू' हा होता. संगणक मंद झाला की फॉर्मॅट. त्याआधी डेस्कटॉप आणि माय डॉक्युमेंट्स डी ड्राइव्हवर घ्यायची शिस्त बहुतेकांना होती, मेल तेवढे राहून जात. पॉपच्या रीतीने ते सर्व्हरवरून कधीच खोडले गेलेले असत, म्हणजे जगात त्यांची तेवढी एकच प्रत. 'सर्व्हरवर प्रत ठेवा' अशी एक चौकट सेटिंगमध्ये होती. तिच्यावर आधीच टिक केलेल्याचं नशीब थोर.

भारनियमनाचा आणखी एक प्रताप उन्हाळ्यात दिसे. संगणकाच्या मदरबोर्डावर घड्याळ चालवणारा एक छोटा सेल असतो, सीआर-२०३२. वीज रोज तासन्‌तास बंद, वर भंडाऱ्याचं ऊन; सेल लवकर बसे. मग लाइट आला की संगणकाची तारीख थेट काही वर्षं मागे. जीमेलने नोव्हेंबर २००४ पासून पॉप द्यायला सुरुवात केली होती, ती ९९५ या सुरक्षित पोर्टवरून, आणि तिथे सर्व्हर आपलं प्रमाणपत्र दाखवतो. २००२ सालात जगणाऱ्या संगणकाला २००८ चं प्रमाणपत्र अजून सुरूच न झालेलं दिसायचं. मेल बंद. पासवर्ड दहादा टाका, लाइनवाल्याला शिव्या द्या, काही उपयोग नाही. कोपऱ्यातली तारीख बघायची आणि घड्याळाच्या दुकानातून सेल आणायचा.

काही वेळा मेल आलेला असे आणि दिसत नसे. फाइल मेनूत चुकून 'वर्क ऑफलाइन'वर बोट पडलेलं; यादी तारखेऐवजी पाठवणाऱ्याच्या नावाने लागलेली; कुणीतरी हौसेने केलेला नियम मेल भलत्याच फोल्डरात टाकतोय. सरकारी टेबलांवर तर मेल उघडे, सोबतचा तक्ताही उघडे, आणि आत कृतीदेवमधला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर इंग्रजी अक्षरांचा काला होऊन पसरलेला. 'अत्यंत तातडीचे' एवढे दोन शब्द वरिष्ठांनी फोनवर सांगितलेले असत, म्हणून समजत.

याच काळात घरातला प्रोग्राम बदलत गेला. व्हिस्टामध्ये आउटलुक एक्सप्रेस नव्हतं. पुढे आलेलं विंडोज लाइव्ह मेल जानेवारी २०१७ मध्ये थांबलं. एक्सपीचा आधार मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ ला काढून घेतला, तरी त्यानंतरही कितीतरी मिलच्या काउंटरवर एक्सपी सुखाने चालू होतं, कारण वजनकाट्याची पावती त्यातूनच निघायची. अशा यंत्रांना पुढच्या धक्क्यांचा अर्थच लागेना. ३० सप्टेंबर २०२१ ला इंटरनेटवरच्या असंख्य प्रमाणपत्रांच्या बुडाशी असलेलं एक जुनं मूळ प्रमाणपत्र संपलं. अद्ययावत न केलेल्या संगणकांनी त्या दिवसापासून कित्येक सर्व्हर ओळखायचे सोडून दिले. टेबलावर काहीच बदललं नव्हतं, लाइट गेला नव्हता, तारीख बरोबर होती.

मग ३० मे २०२२. त्या दिवसापासून गूगलने नुसतं नाव आणि पासवर्ड सांगणाऱ्या प्रोग्रामना जीमेलचं दार बंद केलं. मायक्रोसॉफ्टनेही वैयक्तिक खात्यांसाठी सप्टेंबर २०२४ मध्ये तेच केलं. पासवर्ड बरोबर, तोच वेबवर चालतो, आणि आउटलुक म्हणतंय चूक. नवं थंडरबर्ड असेल तर ते ब्राउझरची खिडकी उघडून गूगलकडून रीतसर परवानगी घेतं. जुना प्रोग्राम असेल तर दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करून सोळा अक्षरांचा ॲप पासवर्ड काढावा लागतो. कारण पटण्यासारखं आहे. चोरीचे पासवर्ड तोवर बाजारात ढिगाने झाले होते. पण दुरुस्ती या शब्दाला आता फारसा अर्थ उरला नाही. टेबलावर बसून करायचं ते एवढंच, की आपण आपणच आहोत हे लांबच्या कुणाला तरी पटवून द्यायचं.

त्यातला सगळ्यात गमतीदार प्रकार जागेचा. गूगलच्या फुकट १५ जीबीत मेल, ड्राइव्ह आणि फोटो सगळे एकत्र राहतात. जून २०२१ पासून नवे फोटो त्यात मोजले जाऊ लागले, २०२४ पासून अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सॲपचा बॅकअपही. पेटी भरली की जीमेल नवे मेल घेणं थांबवतं. मिलचं खातं मालकाच्या फोनवर, फोनवर पुतणीच्या लग्नाचे व्हिडिओ, आणि धान भरडाईचा करारनामा 'पेटी भरली आहे' म्हणून पाठवणाऱ्याकडे परत. इथे आउटलुकमध्ये दोन तास घालवण्यात अर्थ नसतो. आधी ब्राउझरमध्ये तेच खातं उघडायचं. तिथे मेल दिसला तर दोष टेबलावर, तिथेही नसला तर पलीकडे. मेल अडला कुठं, हे विचारायची ही पहिली पायरी टेलनेटच्या दिवसांत होती तीच आहे.

तरीही काही टेबलांवर थंडरबर्ड किंवा आउटलुक हट्टाने टिकून आहे. कोशाच्या एखाद्या व्यापाऱ्याला आठ वर्षांपूर्वीचं बिल जीएसटीच्या कामासाठी लागतं, आणि नेट बंद असलं तरी ते आपल्या डिस्कवर सापडतं, हा त्यांचा मुद्दा मला बिनतोड वाटतो.

फक्त त्यासाठी लागणारी गूगलची परवानगी मिळवणं सोपं नसतं. या भागातली बरीच धंद्याची खाती दहा-बारा वर्षांपूर्वी दुकानातल्या संगणक चालवणाऱ्या पोराने काढलेली आहेत, त्याच्याच मोबाइल नंबरावर. पोरगा केव्हाच बुटीबोरीला कंपनीत लागला. मिलमध्ये पडद्यावर ओटीपीची चौकट उघडून बसायचं आणि त्याला फोन लावायचा. त्याची शिफ्ट चालू असते, फोन लॉकरमध्ये. चार वाजता सुटल्यावर तो इमानदारीने परत फोन करतो, आकडा वाचून दाखवतो, आणि मालक तो टाकतात. चौकट सांगते, मुदत संपली. "दुसरा आला असन पाह्य बरं," मालक म्हणतात.